न जुळलेली फरशी

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक झाली की तुम्ही काय करता? मी हल्ली गाव वसवते! हसू नका हं. लेकीनं संगणकावर 'डोर्फरोमँटिक' नावाचा खेळ लावून दिलाय. बर्लिनच्या चार विद्यार्थ्यांनी केलेला हा खेळ २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात आला.

षट्कोनी फरशी हाती येते. रानाला रान, घराला घर, शेताला शेत जुळवून ती लावायची. घड्याळ नाही, शत्रू नाही. सहाही बाजू जुळल्या तर एक फरशी बक्षीस. फरशा संपल्या की खेळ संपला.

मी प्रत्येक बाजू जुळवायच्या हट्टाला पेटायची, नि अडून बसायची. शेवटी लेक म्हणाली, "आई, नदी नि रूळ तेवढे जुळव. बाकीचं नाही जुळलं तरी चालतं गं!"

खरंच की! सासूबाईंच्या आजारपणात मी पूर्णवेळ नोकरी सोडली, पुढे अर्धवेळ धरली. ती बाजू काही जुळली नाही, म्हणून किती कुढले! पण तिच्याभोवतीही गाव वाढलंच ना?

तुमचीही अशी एखादी फरशी असेलच. तिच्यापाशी अडून बसू नका. पुढची हाती घ्या.