परळची वारी

काशी-रामेश्वराच्या यात्रांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. परंतु जेथें हौसेनें कोणी जात नाहीं, आणि तरीही सहस्रावधि कुटुंबांस वर्षानुवर्षें जावें लागतें, अशा मुंबईच्या परळ भागाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. माझ्या पत्नीवर स्तनाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया, औषधें व किरणोपचार होऊन आतां साडेचार वर्षें झालीं. तेव्हांपासून तपासणीसाठीं वाईहून परळपर्यंतची आमची वारी चालू आहे.

पुण्यास आगगाडींत बसलें म्हणजे लोणावळ्याच्या पुढें बोरघाट लागतो. घाटांतील हा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. पावसाळ्यांत धबधबे पाहण्यासाठीं मुलें खिडकीशीं झोंबतात. परंतु तपासणीस निघालेल्या मनुष्याचें लक्ष तिकडे नसतें. एरवीं बोलकी असणारी माझी पत्नी येथें मुकी होते, आणि तिचा हात नकळत काखेकडे जातो. “उपचार चालू होते तोंवर कांहीं तरी होत आहे हा आधार होता. ते संपले, लोक ‘सुटलांत’ म्हणाले, आणि खरी धास्ती त्या दिवसापासून लागली,” असें ती म्हणते. गेलेला रोग परत येईल काय, हीच ती धास्ती.

दादरला उतरलें कीं परळ जवळच. एके काळीं येथें गव्हर्नराचा वाडा होता. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, आणि १८९९ सालीं त्याच वाड्यांत डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. तेथून थोड्या अंतरावर टाटा स्मारक रुग्णालय आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढें त्यांचे पति सर दोराबजी यांच्या नांवच्या विश्वस्तनिधीनें हें रुग्णालय उभारलें व तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. १९६२ पासून तें भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

या दोन संस्थांच्या मधून चालतांना मला आजीनें सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टी आठवतात. साथ ओसरली कीं लोक रानांतील झोपड्या सोडून घरीं परतत. परंतु ती पुन्हा येईल ही भीति प्रत्येक घरीं असे. त्या लोकांनीं भीति टाकली नाहीं. तिला एक खूण नेमून दिली. घरांत उंदीर पडला तर बिऱ्हाड उचलावयाचें. न पडला तर पापड लाटावयाचे, मुंजी करावयाच्या.

तशाच खुणा व तशाच तारखा आम्हीं डॉक्टरांकडून लिहून घेतल्या आहेत. नवी गांठ हातास लागली तर तत्काळ दाखवावयाचें. हाडांचें दुखणें, खोकला किंवा कारणावांचून घटणारें वजन दोन आठवडे तसेंच राहिलें, तर तारखेची वाट पाहावयाची नाहीं. तपासणी सामान्यतः पहिलीं तीन वर्षें तीन ते सहा महिन्यांनीं, पुढें दोन वर्षें सहा ते बारा महिन्यांनीं व नंतर वर्षांतून एकदां असते; शिवाय प्रतिवर्षीं स्तनाची क्ष-किरण तपासणी. धोका काळाबरोबर बहुधा कमी होतो, पण कांहीं प्रकारांत पांच वर्षांनंतरही तो सर्वस्वीं जात नाहीं. वेदान्ती दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त देतात. येथें तो अपुरा पडतो, कारण एखादे वेळीं साप खरा असतो. म्हणून भिणाऱ्यास हंसूं नये, दिवा आणावा.

आश्चर्य असें कीं, ज्या स्थळाच्या नांवानें आठ दिवस आधीं झोंप उडते, तेथेंच ही भीति सर्वांत हलकी होते. गेल्या खेपेस बांकावर शेजारीं बसलेल्या बाई सोळाव्या वर्षाच्या तपासणीस आल्या होत्या. त्यांनीं डब्यांतला लाडू पत्नीच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “भीति मलाही वाटते हो, पण आतां ती माझ्याबरोबर येते आणि माझ्याबरोबरच परत जाते.” परततांना घाटांत पत्नी नातवंडांविषयीं बोलत होती.

घरच्या मंडळींस एवढेंच सांगणें आहे. “कांहीं होत नाहीं, देवावर भार टाका” असें म्हणून रोग्याचें तोंड बंद करूं नये. हें वाक्य प्रेमाचें असतें, परंतु त्यामुळें भीति माजघरांतून कोठीच्या खोलींत जाते, घराबाहेर जात नाहीं. तिला बोलूं द्यावें. डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न वहींत लिहून ठेवावे. सकाळीं कोणीं तरी तिच्याबरोबर फिरावयास जावें. अन्न व झोंप दोन्हीं सुटूं लागलीं, तर तेंही डॉक्टरांस सांगावें. मनाच्या उपचाराचे जाणकार आतां कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत असतात. आणि तपासणीची तारीख आली कीं घरांतील एकानें, कामें बाजूस सारून, तिच्या शेजारीं गाडींत बसावें.