मुकी मांडी

गुडघ्यातील फाटलेल्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया होऊन महिना लोटला होता. “मांडी आवळा,” असे फिजिओथेरपिस्ट बाई सांगत. मी दात आवळी, मांडी मात्र ढिम्म. “तू मनावरच घेत नाहीस,” हे आईचे वाक्य जिव्हारी लागे.

उलगडा बाईंनीच केला. सुजलेल्या, दुखावलेल्या सांध्याकडून जाणारे संदेश मज्जारज्जूत मांडीच्या स्नायूला आवर घालतात. स्नायू शाबूत असूनही मेंदूचा हुकूम त्याला पुरता पोहोचत नाही. म्हणजे तो आळस नव्हता! मला रडूच कोसळले.

मग त्यांनी एक घरघरणारे यंत्र मांडीवर टेकवले. गिरणीच्या भिंतीला टेकून उभे राहावे तसे वाटले. कंपनाने स्नायूतील ताण जोखणारे सूक्ष्म तंतू चेतवले जातात व स्नायू आपसूक आकसू पाहतो. स्वीडनच्या हागबार्थ व एक्लुंड यांनी १९६६ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. व्यायाम त्याने चुकत नाही, गुणही सर्वांना सारखा येत नाही, हे बाईंनी बजावले.

“आता आवळा.”

गुडघ्याची वाटी किंचित वर सरकली. दारात उभी असलेली आई काहीच बोलली नाही. पायाखालची उशी तेवढी नीट करून गेली.