एकेरी

श्रावणात आमची बाई, माझी थोरली बहीण, वारली. तेराव्याची पंगत उठल्यावर अनसिंगच्या घराच्या ओसरीवर बसलो असता एकाएकी ध्यानी आले, की मला एकेरीत हाक मारणारे माणूस आता या गावात उरलेले नाही. पुतणे ‘तुम्ही’ म्हणतात, जुने विद्यार्थी ‘सर, आपण’ म्हणतात. मानमरातबाला तोटा नाही. परंतु वाशीमच्या गाडीतून उतरून दारात पाऊल टाकताच ‘आला काय रे तू?’ असे विचारणारा कंठ मिटला.

वडिलांना आम्ही ‘बा’ म्हणत असू आणि ‘तू’च म्हणत असू. ‘बा, तू जेवला काय?’ या प्रश्नात आमच्या वऱ्हाडात औद्धत्याचा लवलेशही कुणास दिसत नसे. पुढे शिक्षणासाठी पुण्यास गेलो असता, जन्मदात्यास एकेरी संबोधणे हे संस्कारहीनतेचे लक्षण होय, असे मला वसतिगृहात ज्या स्वरात ऐकविण्यात आले, तो स्वर मी आजतागायत विसरलेलो नाही आणि विसरण्याची इच्छाही नाही. आईस ‘तू’ चालते, साक्षात पांडुरंगास ‘तू’ चालते. मग बापानेच असा कोणता अपराध केला, की त्याला लेकरांनी दूर उभे राहून हाक मारावी?

तथापि बाच्या वाट्याला आणखी एक ‘तू’ आला होता. आमचा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत होता, त्या काळची गोष्ट. फेरफाराच्या नकलेसाठी बा मला घेऊन एका कचेरीत गेला. टोपी काढून काखेत धरलेली, अर्जाची घडी घामाने ओली होऊ नये म्हणून धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली. खिडकीमागच्या कारकुनाचे वय बाच्या निम्मेही नसेल. मान वर न करता तो म्हणाला, ‘तू उद्या ये.’ बा म्हणाला, ‘तुमी म्हना तसं, साहेब.’ परतीच्या वाटेवर तो काही बोलला नाही. घरात ज्या अक्षराने आम्ही त्याच्या गळ्यात पडत होतो, त्याच अक्षराने त्या खिडकीत त्याला उंबऱ्याबाहेर उभे केले होते.

मी जन्मभर इंग्रजी शिकविले. मुले दरसाल विचारीत, ‘सर, साहेबाच्या भाषेत तू नि तुम्ही वेगळे नाहीत काय?’ एके काळी होते. एकट्यासाठी ‘दाऊ’ आणि अनेकांसाठी ‘यू’. नॉर्मन राजवटीनंतर दरबारी फ्रेंचच्या वळणाने, तेराव्या शतकापासून, एकट्या वरिष्ठासही अनेकवचनाचा मान मिळू लागला आणि ‘दाऊ’ धाकट्यांच्या, चाकरांच्या नि जिवलगांच्या वाट्याला राहिला. 1603 साली सर वॉल्टर रॅले यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी त्या सरदारास भर न्यायसभेत मुद्दाम एकेरीवर आणले. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी ती खिडकीच दिसे.

त्याच शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर अनुयायांनी उलटा मार्ग धरला: ईश्वरापुढे सारे समान, तेव्हा न्यायाधीश असो की उमराव, प्रत्येकास ‘दाऊ’च म्हणावयाचे, आणि कुणापुढे टोपीही काढावयाची नाही. त्यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. पुढे पेनसिल्व्हेनिया वसविणारे विल्यम पेन या पंथात शिरले, तेव्हा आरमारी अधिकारी असलेल्या त्यांच्या वडिलांनी, राजा, राजबंधू आणि मी स्वतः, एवढे तिघे वगळून बाकी साऱ्या जगास खुशाल एकेरी संबोध, अशी तडजोड सुचविल्याचे सांगतात. बापाने लेकाजवळ एवढेच मागावे, याचे मला वाईट वाटते. आमच्या बाने ते कधी मागितले नाही. त्या शतकाअखेर इंग्रजांच्या नागर बोलीतून ‘दाऊ’ लोपला. प्रार्थनेत आणि काही प्रांतिक बोलींत तेवढा टिकला. सगळ्यांना मान मिळाला, पण जवळच्या माणसासाठी राखून ठेवलेला शब्द गेला.

आमच्याकडे प्रवाह निराळ्या दिशेने वाहतो आहे. बाईने उभ्या संसारात नवऱ्यास ‘अहो’पलीकडे हाक मारली नाही, माझी लेक पुण्यात नवऱ्याला ‘तू’ म्हणते, आणि तिची मुलगी बापाच्या पाठीवर चढून ‘बाबा, तू खोटं बोलतोस’ असे बजावते. ज्या शहराने मला एकेरीवरून हिणविले, त्याच शहरातल्या घराघरांत आज आमचा वऱ्हाडी रिवाज नांदतो आहे, याचे मला मनापासून समाधान आहे. कारण जो ‘तू’ परत करता येतो तो स्नेह; परत करता येत नाही ती हुकमत. बड्या घरच्या पोराने म्हाताऱ्या सालदारास एकेरीत पुकारावे आणि त्याने त्या पोरास ‘मालक, तुमी’ म्हणावे, ही रीत मी याच गावात पाहिली आहे; तिला स्नेह म्हणणे मला मंजूर नाही.

घरांनी आपला निवाडा केला. राहता राहिल्या कचेऱ्या. तेथे अर्ज घेऊन आलेल्या वृद्धास ‘या, बसा’ म्हणण्यासाठी शासनाच्या फर्मानाची वाट कशाला पाहावयाची? तेवढा अनेकवचनी प्रत्यय रयतेचा हक्क आहे, आणि तो बाला मिळावयास हवा होता.