नचिकेताचा पहिला वर

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या मुलाने मला आग्रहाने एक चित्रपट पाहावयास बसविले. असा योग आमच्या घरी क्वचितच येतो. म्हणून कॉलेजच्या उत्तरपत्रिका बाजूला सारून मी निमूटपणे बसलो. चित्रपटाचे नाव 'विहीर'. उमेश कुलकर्णी यांनी तो २००९ साली दिग्दर्शित केला व पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही तो दाखविला गेला.

कथानक थोडके आहे. समीर आणि नचिकेत या दोन भावंडांना एकमेकांवाचून करमत नाही. घरातील लग्नासाठी सारा गोतावळा जमतो. पण त्या गजबजाटातच नचिकेत एकटा पडत जातो. नात्यागोत्यांतून सुटून कोठेतरी निघून जावे, असे त्याच्या मनाने घेतले आहे. आणि एके दिवशी विहिरीत त्याचा अंत होतो. तो बुडाला, की त्याने जीव दिला? समीर या प्रश्नाचा माग काढीत रानोमाळ हिंडतो. रहस्यकथेची सारी सामग्री येथे आहे. नाही तो फक्त गुन्हेगार. जागेपण कोठे संपते व स्वप्न कोठे सुरू होते, हेही पुढेपुढे नीटसे उमगत नाही.

आम्हा खानदेशी माणसांना विहिरीचे नवल नाही. पाठीला भोपळा बांधून मी केळीच्या बागेतील विहिरीत पोहावयास शिकलो. थोरल्यांनी खुशाल ढकलून द्यावे, नाकातोंडात पाणी जावे, आणि वर येऊन पाहावे तो काठावरची मंडळी हसताहेत! संताप येई खरा. पण त्यांच्यापैकी कोणीतरी उडी टाकण्याच्या तयारीने उभा आहे, ही खात्री मनात असे.

मला मात्र त्या मुलाच्या नावाने अस्वस्थ केले. कठोपनिषदातील नचिकेत पित्याला यज्ञप्रसंगी पुनःपुन्हा विचारतो, "मला कोणाला देणार?" पिता चिडून म्हणतो, "मृत्यूला!"

वाचकहो, असेच एक वाक्य माझ्याही तोंडून गेले आहे. मुलाने इंजिनिअरिंगचे शिक्षण मध्येच सोडल्याचे सांगितले, तेव्हा मी ओरडलो होतो, "आजपासून तू आम्हांला मेलास!" पहाटे त्याचे अंथरूण रिकामे होते. दोन रात्री पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी धुळ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, तो माझ्याकडे आहे. काही विचारू नकोस, नुसता ये." मी एस.टी.ने निघालो. मुलगा सुखरूप आहे हे कळले असूनही वाटेतल्या शेतांतील प्रत्येक विहिरीकडे माझी नजर जात होती. पुढे आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

उपनिषदातला मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो व तीन वर मिळवितो. मरणापलीकडे काय आहे, हे त्याने तिसऱ्या वराने विचारले. व्याख्यानांतून आम्ही नेहमी तेवढेच सांगतो. त्याचा पहिला वर निराळाच होता. वडिलांचा राग शांत व्हावा, आणि मी परतल्यावर त्यांनी मला ओळखून प्रेमाने बोलावे, हे त्याने आधी मागून घेतले.

चित्रपट संपला. "बाबा, कसा वाटला?" मुलाने विचारले. अभिप्राय देण्याची माझी सवय जुनी. पण त्या वेळी शब्द सुचेनात. मी एवढेच विचारले, "आत्याकडे जाण्यापूर्वी दोन रात्री तू कोठे होतास?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जळगावातच. स्टेशनवर. घरी यावेसे वाटत होते. पण तुम्ही दार उघडाल की नाही, ते कळेना."

त्या रात्री उत्तरपत्रिका तशाच राहिल्या. आम्ही दोघे उजाडेपर्यंत बोलत बसलो होतो.