लाल मिलो

बारामती-इंदापूरच्या ज्या पिढीने बहात्तरचा दुष्काळ भोगला, तिला अमेरिका नकाशात नंतर दिसली, ताटात आधी. लाल मिलो, म्हणजे तिकडून आलेली तांबडी ज्वारी! परातीत थापायला घेतली की कडा चिरायच्या, तव्यावर पडेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. पांढऱ्या शाळूवर वाढलेली माणसं नाक मुरडत, पण खात. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, हे बऱ्याच जणांना पुढे कळलं.

दुष्काळाच्या आगेमागे ‘कासा’ या चर्चशी निगडित संस्थेमार्फत बारामतीत परदेशी धान्य आणि तेल येत होतं. ते नुसतं वाटलं नाही, ही खरी गोष्ट. खोदकामाच्या मोबदल्यात ते मजुरांना मिळे आणि त्यातून जिरायती पट्ट्यात पाझर तलाव उभे राहिले. या खटपटीतूनच १९७१मध्ये आप्पासाहेब पवारांचा कृषी विकास ट्रस्ट आकाराला आला.

श्रीमंत देशांचा हात मात्र नेहमीच असा कामाला येत नाही. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा पाश्चात्त्य जग नाताळच्या सुटीवर होतं. अध्यक्ष बुश टेक्सासमधल्या रँचवर, ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर इजिप्तमध्ये. अमेरिकेने सुरुवातीला १.५ कोटी डॉलर जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांचे यान एगलँड यांनी श्रीमंत देशांच्या चिक्कूपणावर बोट ठेवलं आणि वॉशिंग्टनला ते झोंबलं. आकडा ३.५ कोटींवर गेला, ३१ डिसेंबरला थेट ३५ कोटींवर. मधल्या पाच दिवसांत काय बदललं? मृतांचा आकडा फुगला, हे खरंच. पण थायलंडच्या किनाऱ्यावर सुटीला गेलेली आपली माणसंही त्या लाटेत होती, हे युरोपला कळत गेलं. एकट्या स्वीडनचे ५४३ जण गेले. दूरची लाट अशी घरात शिरली.

युरोपला हसताना मात्र बारामती-इंदापूरने जरा दमानं घ्यावं. निरेच्या कालव्यांनी आणि उसाने हा बागायती पट्टा आता देणाऱ्यांच्या रांगेत बसलाय. २०२५च्या सप्टेंबरात ऐन नवरात्रात सीना नदीला पूर आला. तिच्या काठचे करमाळा-माढा म्हणजे इंदापूरकरांना उजनीच्या पलीकडचा शेजार. राज्यभरातून टेम्पो निघाले. किटवर नेत्यांचे फोटो छापल्याचा वाद रंगला. पुराच्या प्रत्येक गावात दिसणारा जुन्या कपड्यांचा ढीगही आलाच: जरीचा काठ उसवलेली साडी, एका पायाचा बूट.

७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून तीन लाखांची कामं होती. धान्याच्या बदल्यात तलाव खोदणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटला असता. शेतात माती परत आणायचं काम फराळाच्या डब्यासारखं चार दिवसांत उरकत नाही. ते दिवाळी उलटल्यावरचं, टेम्पो माघारी फिरल्यावरचं.

तोवर इकडे कारखान्यांची धुराडी पेटतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या फडांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांतल्या कितीतरी बीडच्या, म्हणजे त्याच सप्टेंबरात बुडालेल्या मुलखातल्या.