मांजरेकाठचा झिरा

स्मरणिकेसाठी पालकांनीही काही लिहावे, असा निरोप शाळेकडून आला, तेव्हा शाळेविषयीच लिहावे असे आम्ही ठरवले होते. परंतु पहाटेची वंदना, वसतिगृहातील शिस्त, मुलांच्या अंगी आलेला नीटनेटकेपणा यांविषयी इतर पालक आमच्याहून चांगले लिहितील. लिहायला बसलो की आम्हाला पुनःपुन्हा आठवे तो २०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीतील एक दिवस. मुलगा तेव्हा सातवीत होता, वसतिगृहातून घरी आला होता आणि आम्ही सहकुटुंब नदीवर गेलो होतो.

नदीवर जाण्यासारखे त्यात काय, असे कुणी विचारील. ज्यांनी त्या वर्षीचा उन्हाळा लातुरात काढला ते विचारणार नाहीत. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी. 'आपल्याला पाणी कोठून मिळते?' या प्रश्नापुढे आमच्या आठ वर्षांच्या मुलीने वहीत 'मिरजेहून' असे लिहिले आणि बाईंनी ते उत्तर बरोबर धरले. मुलाने नांदेडला गोदावरी पाहिली होती, पण ती पुलावरून. वाहत्या पाण्यात दोघांनीही पाय घातलेला नव्हता.

पुढे सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की तेच धरण भरून गेले. नदी दाखवायची असे ठरताच आई म्हणाली, "दाखवायची तर माझ्या माहेरची दाखवा." आम्ही म्हणालो, माहेरची काय आणि इथली काय, मांजराच ती. ते खरेही आहे. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात ही नदी उगम पावते, लातूरच्या शिवारातून पुढे बिदरकडे जाते, तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर ही धरणे भरते, आणि मग उत्तरेला वळून बिलोली तालुक्याच्या कडेने कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते. सुमारे सव्वासातशे किलोमीटरांचा हा वळसा आईला नकाशावरून ठाऊक नव्हता. ती एवढेच म्हणे, की लग्न होऊन लातूरकडे आले तेव्हा वाटले माहेर तुटले. मग कळले की सासरची नदीच माहेराला जाते.

भाड्याची जीप करून आम्ही पहाटे निघालो. उदगीर, देगलूर असा रस्ता. बरोबर धपाटे, दही, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि आईचा पितळी तांब्या. तो कशाला, हे आम्ही विचारले नाही. आईचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा, म्हणजे १९४८ चा. त्या वयाची माणसे प्रवासाला निघताना काय घेतात, यात पडू नये.

गावाचे नाव आम्ही येथे देत नाही. गावात आता तिचे कुणी उरलेले नाही. भाऊ पुण्याला, भाचे हैदराबादेत. जीप थेट नदीच्या उतारावर थांबली. काठावर महादेवाचे जुने देऊळ, त्याच्या पायऱ्या पात्रात उतरलेल्या आणि समोर पाणी. मुलगी आधी घाबरली. "हे बंद कुठून करतात?" असे तिने विचारले. ड्रायव्हर हसला, आम्हाला हसू आले नाही.

पायऱ्यांवर सावली होती, म्हणून आम्ही तेथेच सतरंजी अंथरली. मागे वळून पाहतो तो आई नव्हती. ती काठाकाठाने खाली, प्रवाहाच्या दिशेने चालत गेली होती, दोन-अडीचशे पावले तरी. हाक मारली तर हात हलवून म्हणाली, "आपली जागा हिकडं हाय."

आम्हा दोघांना ते वाक्य कळले. मुलांना कळले नाही. खरे सांगायचे तर ते मुलांना कळू नये, अशीच आम्ही आजवर व्यवस्था केली होती. मुलांच्या मनावर ओझे नको, त्यांनी स्वच्छ पाटीने वाढावे, असे आम्ही म्हणत असू. महाडचे चवदार तळे आणि २० मार्च १९२७ हा दिवस त्यांना तोंडपाठ होता. पण महाड पुस्तकात होते, आणि आजीचे गाव पुस्तकात नव्हते.

मुलगी धावत गेली आणि विचारून मोकळी झाली, "आजी, आपली जागा म्हणजे?" आईने सांगितले, अगदी भाकरी कशी थापावी ते सांगावे तसे. देवळापाशी गावाचे पाणी. त्याच्या खाली जनावरांचे. त्याच्याही खाली आपले. उन्हाळ्यात धार आटली की वाळूत झिरे उकरायचे. त्यांचे वर, आपले इथे. चुकून एखादे लेकरू वर गेले तर बापाला चावडीवर बोलावणे येई.

"पण बाबासाहेबांनी तर तळ्याचं पाणी पिऊन दाखवलं होतं. तुझ्या जन्माच्याही आधी."

"दाखवलं व्हतं, पोरी. आमच्या गावाला ते दिसायला लई वर्षं लागली."

मुलगा गप्प होता. मग त्याने धम्माच्या तासाला शिकलेली रोहिणी नदीची गोष्ट आजीला सांगायला घेतली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ती आहे, आणि या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे: शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला, सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि शेवटी परिव्रज्या पत्करली. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यात वर कोण व्हतं अन् खाली कोण?"

मुलगा अडखळला. "वर-खाली नाही. नदी दोघांच्या मधून जात होती. एका काठाला हे, एका काठाला ते."

"मग बरोबर," आई म्हणाली. "मधून व्हती म्हणून भांडण तरी झालं. आमचं कुठं भांडण झालं?"

ती गोष्ट आम्ही दोघांनीही लहानपणापासून ऐकली आहे, सभांतून सांगितली आहे. हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नव्हता.

मग तांब्याचा उलगडा झाला. आईला झिरा उकरून दाखवायचा होता. समोर नदी वाहत असताना झिरा कशाला, या प्रश्नावर तिने मुलांकडे कीव आल्यासारखे पाहिले. वाहते पाणी धुण्याचे, वाळूतून झिरपलेले पाणी पिण्याचे. कोपरभर खोल उकरावे. पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकावे, पुन्हा भरू द्यावे, पुन्हा उपसावे. तिसऱ्या खेपेला तळाची वाळू मोजता येईल असे पाणी येते. वाळूचा थर जितका जाड, तितके पाणी गोड. आणि पात्र वरून कोरडे दिसले तरी वाळूच्या पोटात ते वैशाखापर्यंत टिकते. जलसंधारणाच्या व्याख्यानांतून आम्ही हेच अवघड शब्दांत ऐकले होते.

आई पदर खोचून बसली आणि खुरप्याने उकरू लागली. वीतभर खाली खुरपे वाजले. मुरूम. चार पावले सरकून पुन्हा पाहिले, तेथे काळा गाळ. आणखी खाली, तेथे नुसते गोटे आणि पाणी साचलेले मोठाले खड्डे. मांजरेच्या लाल वाळूला बांधकामात फार मागणी आहे. पोकलेनने ती उपसतात, हायवांत भरतात, आणि ती दूरदूरच्या शहरांतील भिंतींत जाते. लातुरात आम्ही घर बांधले तेव्हा हीच वाळू मागवली होती आणि भाव जास्त लावला म्हणून ठेकेदाराशी घासाघीसही केली होती. आईला ते ठाऊक होते. ती त्याविषयी काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "इथं कमरेइतकी वाळू व्हती."

मुलगी हिरमुसली. तेव्हा मुलाने वर बोट केले. देवळाच्या पायऱ्यांलगत एक लांबट पट्टा तांबूस दिसत होता. देवळाला धक्का लागू नये म्हणून असेल, किंवा गावाची नजर असते म्हणून असेल, तेवढी वाळू राहिली होती.

आई उठली. खुरपे आणि तांब्या घेऊन निघाली. जनावरांच्या पाणवठ्यापर्यंत नेहमीच्या चालीने गेली आणि तेथे थांबली. आम्ही मागे होतो. आमच्यातील एकाने "चल ना आई, काय झालं" असे म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि दुसऱ्याने दंड धरला. पायऱ्यांवर गावातील दोन म्हातारी माणसे येऊन बसली होती. ती आमच्याकडे पाहत होती. शहरातून आलेल्या माणसांकडे पाहतात तशीच, अधिक काही नाही. आई किती वेळ उभी राहिली ते सांगता येणार नाही. घड्याळाने मिनिटभरही नसेल. मग मुलीने तिच्या हातातील तांब्या घेतला आणि ती पुढे पळाली, तेव्हा आईला मागोमाग जावेच लागले.

तेथे झिरा लागला. पायरीपासून हातभर अंतरावर, कोपराइतका खोल. पहिले पाणी उपसले, दुसरे उपसले. तिसरे भरेपर्यंत आम्ही सहाही जण, ड्रायव्हरसुद्धा, भोवती बसून खाली पाहत होतो. पायरीवरील एका आजोबांनी विचारले, "माय, कोणाच्या तुम्ही?" आईने वडिलांचे नाव सांगितले. सगळे नाव, आडनावासह, आवाज न उतरवता. आजोबांनी मान हलवली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हितलं पाणी अजून गोड हाय," आणि समोर पाहू लागले. यातून काय समजायचे ते आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. जीपमध्ये त्यावर आम्हा दोघांत वादही झाला.

आईने आधी मुलांना पाजले, मग आम्हाला, मग ड्रायव्हरला. स्वतः शेवटी प्याली. धपाटे तेथेच, पायऱ्यांवर बसून खाल्ले. मुले दुपारभर पाण्यात होती. मुलाने वसतिगृहातील मित्रांसाठी एक बाटली भरून घेतली.

परतताना उदगीर ओलांडल्यावर लक्षात आले की तांब्या झिऱ्यापाशीच राहिला. लग्नातला तांब्या होता. जीप वळवू का, असे ड्रायव्हरने विचारले. मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती.

"राहू द्या," आई म्हणाली. "झिऱ्यापाशी लागतोच एक."