बेदाण्यातला ‘बे’

पलूसमध्ये आता इंग्रजीची भीती पूर्वीसारखी राहिलेली नाही. आमच्या लहानपणी इंग्रजी पत्र आलं की ते घेऊन मास्तरांच्या घरी जावं लागे. आज शेतकऱ्याची पोरगी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून अब्बांना किती मिली फवारायचं ते सांगते. ही प्रगती लहान नव्हे. पण ३२ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. न येणाऱ्याला इंग्रजी शिकवणं सोपं असतं. ज्याला बऱ्यापैकी येतं, त्याला पुढे नेणं अवघड असतं. वाचलेलं कळतं, बोललेलं समजतं, व्याकरणही ठीक असतं. तरी लिहायला बसलं की मजकूर दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखा दिसतो. कुठे ढगळ, कुठे तंग.

माझ्या भाचीचं नेमकं हेच झालं होतं. मराठी माध्यमात शिकलेली, मिरजेत नर्सिंग पूर्ण केलेली, कामाला वाघीण. तिला ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून जायचं होतं. त्यासाठीच्या नोंदणीला आयईएलटीएस परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी किमान सात आणि लेखनात किमान साडेसहा गुण लागतात. तिघांत तिला सात मिळाले. लेखनात दोनदा सहा. अर्ध्या गुणाने गाडी अडली. परीक्षेची फी थोडीथोडकी नसते, आणि ती गेली होती माझ्या मेहुण्यांच्या बेदाण्याच्या पैशातून. त्या वर्षी अवकाळीने द्राक्षं भिजली होती. तिसऱ्यांदा फी भरायची की मुलीचं लग्न उरकायचं, अशी चर्चा घरात सुरू झाली. मुलगी काही बोलली नाही. फक्त वह्या घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “खाला, शब्द तर सगळे पाठ आहेत. मग अडतंय कुठं?”

वह्या उघडल्या आणि उत्तर समोरच होतं. एका क्लासने तिला तीन हजार ‘भारी’ शब्दांची झेरॉक्स दिली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. ‘नोटोरिअस’ म्हणजे प्रसिद्ध. ‘प्लेथोरा’ म्हणजे अनेक. पोरीने इमानदारीने सगळं पाठ केलं आणि निबंधात पेरलं. परिणाम असा की एका निबंधात तिचं रुग्णालय चांगल्या सेवेसाठी ‘नोटोरिअस’ होतं, म्हणजे कुप्रसिद्ध! आणि तिथे डॉक्टरांचा ‘प्लेथोरा’ होता, म्हणजे गरजेपेक्षा जास्त सुळसुळाट. गंमत म्हणजे प्लेथोरा हा मूळचा वैद्यकातला शब्द, अंगात रक्त प्रमाणाबाहेर वाढण्याचा. नर्सला तो नीट समजावला असता तर ती कधीच चुकली नसती.

त्या परीक्षेत लेखनाचे चार निकष असतात आणि शब्दसंपत्ती हा त्यांतला एक. पण तिथेही नुसता अवघड शब्द मोजत नाहीत. कमी वापरातला शब्द आला तर तो योग्य सोबतीत आणि योग्य ढंगात आला का, हे बघतात. म्हणजे प्रश्न शब्द किती येतात हा नव्हता. त्यांच्याशी ओळख किती आहे, हा होता.

मी ती झेरॉक्स बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, “बेदाणा म्हणजे काय गं?” ती हसली. पलूसच्या पोरीला हा काय प्रश्न! पण शब्द फोडून बघायला सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. बे आणि दाणा. दाणा, म्हणजे बी, नसलेला. हाच फारसी ‘बे’ बेफिकीर, बेकायदा, बेजबाबदार, बेइमान या शब्दांत बसला आहे. एक ‘बे’ कळला की डझनभर शब्द पाठ न करता कळतात. आपल्या मराठीत उपसर्गांचं हेच काम आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. मूळ एकच, पुढचं अक्षर बदललं की अर्थ बदलला. मकतबमध्ये शिकलेल्या मुलांना तर ही युक्ती आणखी जवळची. किताब, कातिब, मकतब, मकतूब या सगळ्यांत क, त, ब ही तीन अक्षरं लिहिण्याशी नातं सांगतात.

इंग्रजीतले बहुतेक ‘भारी’ शब्द असेच लॅटिन आणि ग्रीक मुळांपासून बनले आहेत. लॅटिनमध्ये ‘पोर्ट’ या मुळाचा अर्थ वाहून नेणं. त्यातून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, डिपोर्ट आले. भाचीकडे तर अर्धा खजिना आधीच होता. ‘बेनाइन’ गाठ साधी आणि ‘मॅलिग्नंट’ गाठ घातक, हे तिला झोपेतही सांगता येतं. त्यातला ‘बेने’ म्हणजे चांगलं. त्यावरून बेनिफिट, बेनेव्होलंट. ‘मॅल’ म्हणजे वाईट. त्यावरून मॅलन्यूट्रिशन, मॅलप्रॅक्टिस. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली, हे रक्तदाब मोजताना रोज तोंडात असतं. मग हायपोथिसिस म्हणजे विचाराच्या खाली ठेवलेला पाया, हे कळायला वेळ लागत नाही. एवढं मात्र सांभाळायचं, की फारसीतला ‘बे’ आणि लॅटिनमधला ‘बेने’ यांना भाऊ समजायचं नाही. आवाज सारखा म्हणून नातं जोडलं की फसगत होते.

आपल्या घरांतल्या मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. इंग्रजी ही काही सगळीच परकी वस्ती नाही. तिच्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ शब्द राहायला गेलेले आहेत. अल-ख्वारिझ्मी यांच्या नवव्या शतकातल्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून अल्जिब्रा आला आणि त्यांच्या स्वतःच्या नावावरून अल्गोरिदम. जब्रचा अर्थ मोडलेलं परत जोडणं. हाड बसवण्यालाही तोच शब्द. ‘सिफर’वरून झिरो आणि सायफर आले, आणि तो सिफरही आपल्या भारतीय शून्याचा अरबी अनुवाद. शरबतचा शर्बेट झाला, मौसमचा मान्सून, सफरची सफारी. मखजन म्हणजे कोठार. त्याच्या अनेकवचनावरून मॅगझिन हा शब्द बनला. म्हणजे आपल्या हातातलं हे मासिकही शब्दार्थाने एक कोठारच! इंग्रजीतल्या मंगूजचं मूळ तर चक्क आपल्या मराठी मुंगसात आहे. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात भारतातले आणखी सत्तर शब्द गेले. त्यांत ‘अब्बा’ही आहे.

आपल्या परिसरातही शब्दांची ही ये-जा जुनी आहे. पलूसशेजारी किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली. तिथे नांगर-पंपांचा कारखाना होता, तसंच १९२० मध्ये तिथून एक मासिकही निघालं. त्याचं पहिलं नाव ‘किर्लोस्कर खबर’. नावात अरबी खबर आणि आतली भाषा मराठी! कुणाला ते विचित्र वाटलं नाही. मग आपल्या मुलांनी इंग्रजी शब्दाला पाहून बिचकायचं कशाला?

मूळ कळलं तरी काम संपत नाही. शब्दाची सोबत कळावी लागते. आपण गाढ झोप म्हणतो, दाट धुकं म्हणतो, घट्ट दही म्हणतो, घनदाट जंगल म्हणतो. कुणी ‘घट्ट झोप’ किंवा ‘गाढ दही’ म्हटलं तर अर्थ कळेल, पण हसू येईल. इंग्रजीतही तसंच. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. म्हणून मी भाचीला एकटा शब्द लिहायला बंदी केली. वहीत शब्द यायचा तो जोडीदारासह, आणि शक्यतो पूर्ण वाक्यात.

तिसरी गोष्ट शब्दाचा स्वभाव. मुलगी बघून आलेली माणसं ‘सडपातळ आहे’ म्हणाली की घरात चहा गोड लागतो. ‘किडकिडीत आहे’ म्हणाली की सगळ्यांची तोंडं उतरतात. वजन तेच, शब्द वेगळा. ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ यांत तोच फरक आहे. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे निरागस आणि ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट. एका शब्दाचा एकच मराठी अर्थ लिहिणाऱ्या यादीत हा फरक कुठून सापडणार?

चौथी गोष्ट प्रसंग. आपल्याकडे कुणी वारलं की घरात ‘इंतकाल झाला’ म्हणतो, वर्तमानपत्राच्या बातमीत ‘पैगंबरवासी झाले’ येतं आणि सरकारी कागदावर ‘मयत’ लिहितात. यांतला कुठला शब्द कुठे, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. भाची रुग्णालयात ‘पेशंट एक्सपायर्ड’ असं लिहायला शिकली होती. ब्रिटनमधल्या परिचारिकांना मात्र नातेवाइकांशी बोलताना सरळ ‘डाइड’ म्हणायला सांगतात. आडवळणाच्या शब्दाने दुःखात असलेल्या माणसाचा गैरसमज होऊ नये, हा त्यामागचा विचार. मी तिला म्हटलं, “बघ, तिथे सगळ्यात साधा शब्द सगळ्यात जाणता ठरतो.” त्या दिवसापासून तिचं लिखाण बदललं.

मग अभ्यास काय केला? न्यूझीलंडच्या संशोधक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठीय मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा या शब्दांनी भरतो. अ‍ॅनलाइज, एस्टॅब्लिश, सिग्निफिकंट, रिक्वायर, मेंटेन असे हे शब्द. दिसायला भारी नाहीत, पण ओझं हेच उचलतात. तीन हजारांच्या जागी आम्ही हे घेतले, रोज पाच. अर्थासाठी इंग्रजी-मराठी कोश जवळ होताच, पण वापरासाठी हॉर्नबी यांचा इंग्रजी-इंग्रजी कोश घेतला. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. परक्या विद्यार्थ्यांची अडचण ओळखून बनवलेला त्यांचा कोश प्रथम १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. शब्द वाक्यात कसा बसवायचा हे दाखवण्यासाठीच तो आहे. शिकलेला शब्द आठवड्याभरात तीनदा तरी स्वतःच्या वाक्यात वापरायचा, एवढा एकच नियम होता.

रात्रपाळी करून पलूसला आली की ती दुपारी माझ्या ओसरीवर बसायची. सात महिने. मेहुण्यांनी तिसऱ्यांदा फी भरली. माझ्या बहिणीने पोरीच्या लग्नासाठी साठवलेल्यातले पैसे काढून दिले, आणि कुणाला सांगू नको म्हणून मला बजावलंही. आता सांगायला हरकत नाही. लेखनात साडेसहा आले. साताची अपेक्षा होती, पण साडेसहा पुरेसे होते. अल्हम्दुलिल्लाह.

हे सगळं लिहिलं ते भाचीच्या कौतुकासाठी नव्हे. आपल्या कितीतरी मुली बारावीला, पदवीला चांगले गुण मिळवतात आणि नंतर अशाच अर्ध्या गुणाच्या उंबऱ्यावर थांबतात. त्यांना आपण हुशारी कमी पडली म्हणतो. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती पद्धत, आणि घरच्यांचा थोडा धीर. माता-भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. मुलीने शब्द पाठ केले का, हे विचारू नका. आज कुठला नवा शब्द भेटला, तो कुठल्या घरातला, कुणाबरोबर राहतो, कधी बोलवावा, हे विचारा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. शब्दांची नाती आपल्याला कळतात. आपण रोज तीन-चार भाषांच्या शब्दांत संसार करतो. ती तुम्हाला समजावून सांगता सांगता स्वतः शिकेल.